हॅलमसाहेबाचं बोलावणं

गावात लग्न निघालं की मांडवात पहिलं बोलावणं देवांना आणि त्यांच्यामागोमाग हॅलमसाहेबाला. हसू नका. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या त्या आगरी गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. तुळसा तिथली धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी. हळदीला ती आधी एकवीरा आईला हाक मारायची, मग खंडेरायाला, मग वेशीवरच्या देवाला, आणि सूर जराही न मोडता पुढे गायची, "ये रं हॅलम सायबा, मांडवाला ये."

हा हॅलम कोण? इंग्रजांच्या राज्यात ठाण्याला बसलेला जज्ज. गावानं चिखल उपसून खाडीला बांध घातला, मिठाची आगरं पिकवली. साहेबानं निकाल दिला, जमीन सरकारची. त्यानंतर आपल्याच आगरातून कालवणापुरतं मीठ खरवडणाऱ्या पाच जणांना त्यानं चोर ठरवून सक्तमजुरीला धाडलं. पाचातला एकही परत आला नाही. त्यातला धाकू म्हणजे तुळसाच्या आजीचा बाप. आणि आगरं गावाची नव्हतीच, या पाचांना मी ओळखतही नाही, अशी साक्ष ज्यानं दिली त्याला तीच आगरं खंडानं मिळाली. तो बिल्डर कमलेशशेटचा खापरपणजा. आज तिथे कमलेशशेटचे टॉवर उभे आहेत.

यात लपलेलं काही नव्हतं. गावात शेंबड्या पोरालाही माहीत. पण साहेबाला मान दिला नाही तर तो उरलंसुरलंही नेईल, या भीतीनं तेव्हाच्या बायांनी त्याला धवल्यात घेतलं. साहेब मेला, त्याचं राज्य गेलं. भीती मात्र बसली आपली मांडवात पाट अडवून.

आता कमलेशशेटनं नाक्याला न्यायमूर्ती हॅलम चौक असं नाव द्यायचं ठरवलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो लेकीला, कृतिकाला घेऊन तुळसाच्या ओट्यावर आला. कृतिका वकिलीला शिकलेली. दोन दिवसांवर तिची हळद. आई कामाला जायची तेव्हा ही पोर तुळसाच्याच मांडीवर वाढली. तिच्या हळदीला गायचं, ही तुळसाची शेवटची हौस. त्यानंतर गळा बंद, असं तिनं कधीच जाहीर केलेलं.

"काकी, उद्या साहेबावर धवला गायचा. पुढारी येणारेत," कमलेश म्हणाला. "कृते, वाच तिला साहेबाचं चरित्र."

कृतिकानं छापील पुस्तिका उघडली. साहेब विलायतेत पाद्र्याच्या घरी जन्मला. तरुणपणी बोटीनं मुंबईला उतरला. ठाण्याला आधी असिस्टंट जज्ज, मग डिस्ट्रिक्ट जज्ज, पुढे हायकोर्टात. राणीनं 'सर' हा किताब दिला. पेन्शन घेऊन मायदेशी गेला, गुलाब लावले, म्हातारा होऊन अंथरुणात मेला.

"त्यांना शिकारीचा नाद होता. डॅश आणि रोव्हर हे त्यांचे लाडके कुत्रे..."

"कुत्र्यांची नावा छापलीस?" तुळसानं विचारलं.

"हो आजी."

"आन पाच मानसांची?"

कृतिकानं पान उलटलं, परत उलटलं. "नाहीत गं."

"का नाय?"

"अगं काकी, चांगल्या प्रोग्रामात जुनं खरकटं कशाला काढतेस?" कमलेश हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. "नीट गा. नाहीतर डीजे सांगितलाच आहे मी. हळदीला तोच वाजवील सगळं. मग तू घरात बस."

कृतिका म्हणाली, "पप्पा, काय बोलताय?"

"तू गप. तुझ्या लग्नाचा खर्च हा साहेबच करतोय."

हे मात्र तो खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर मंडप, शाली, नारळ, सगळा थाट. तुळसा नऊवारी नेसून माइकपाशी बसली. एकवीरेला हाक मारली, खंडेरायाला मारली, वेशीच्या देवालाही. मागच्या बायांनी ओळ उचलून झेल धरला. आता साहेब येणार म्हणून कमलेशनं हात जोडले.

"हॅलम सायेब बोटीनं आला गो, ठान्याच्या खुर्चीव बसला,
मूठभर मिठाच्या पायी गो, घरचा धनी नेला.
सायबानं लावलं गुलाब गो, आमच्या घरी रांडपन,
त्याला नाय आता बोलावना गो, त्याचा उठवला मान."

बायांचा झेल तुटला. तुळसा थांबली नाही.

"ये रं धाकू बाबा, मांडवाला ये. ये रं काळुराम, मांडवाला ये. ये रं गोमा..."

माइक बंद झाला. कुणी केला ते विचारायची गरज नव्हती. पण बिनमाइकाच्या मांडवात जन्म काढलेल्या बाईला माइकचं काय कौतुक? पदू आणि चांगा यांना तिनं अशी हाक मारली की रिक्षास्टँडवरची माणसं उठून उभी राहिली.

कमलेश तिच्या अंगावर धावून आला. "म्हातारे, पोरीच्या मांडवात पाय ठेवायचा नाय तू! ऐकलंस?"

तुळसानं कृतिकाकडे पाहिलं. पोर पहिल्या रांगेत रडत होती, तोंडाला ओढणी लावून. त्या पोरीच्या हळदीचा सूर तिनं कधीपासून गळ्यात जपून ठेवलेला. तो आता गेला, कायमचा.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"नाय येत," ती म्हणाली. "मांडव तुजा, पैसा तुजा, डीजे पन तुजाच. पन धवल्यातला बोलावना माघारी घेता येत नाय, कमलेश. पाची जन येतील उद्या हलदीला तुज्या दारात. तुज्या खापरपंज्यानं त्यांना कोर्टात वलखला नव्हता. तू तरी वलख."