डाव्या दारावरचे ओरखडे

कालिंदी गेली हे मला शिवाजी पुलावर कळलं. मंगळवार होता, दुपारचे साडेबारा वाजले होते. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या म्हणून मी तिच्याकडं पाण्याची बाटली मागितली. तिनं दिली नाही. हात लावला तर हात गार होता.

आम्ही मलकापूरहून येत होतो. आमची मुलगी भैरवी तिथं शाळेत शिक्षिका आहे, तिच्याकडं चार दिवस राहिलो होतो. बांबवड्यात कालिंदी म्हणाली, छातीत जळजळतंय. मी म्हणालो, सकाळी सकाळी वडे कशाला खाल्लेस. रस्त्याकडेला दवाखान्याची पाटी दिसली होती. ती म्हणाली, पित्त आहे, घरी जाऊन सोडा पिते. मी तिची सीट मागं केली आणि म्हणालो, झोप जरा. पैजारवाडीपर्यंत ती माझ्या बोलण्याला हं हं करत होती. पुढं मी एकटाच बोलत होतो. वाघबीळच्या वळणांवर तिची झोपमोड नको म्हणून गाडी सावकाश घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "पाऊण तास तरी झाला असेल."

सगळ्यांना मी सांगितलं, दवाखान्याच्या दारात गेली. भैरवीलाही तेच सांगितलं. ती रडत म्हणाली, "पप्पा, तुम्ही लगेच नेलंसा की. तुमचं काय चुकलं न्हाई." त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही.

दिवसकार्य झाल्यावर आठवड्यानं भैरवीचा फोन आला. तिची बदली आतल्या एका गावात झाली होती, तिकडं एसटी वेळेवर जात नाही. म्हणाली, "गाडी मला द्या. तुम्ही तरी कुठं चालवताय?" खरंच होतं. दवाखान्यातून आणून लावली ती तशीच उभी होती. मी म्हणालो, पुढच्या रविवारी ये. मनात ठरवलं, ती त्या सीटवर बसायच्या आत तिला खरं सांगायचं. त्या आठवड्यात रोज फोन लावला आणि रोज भाजी काय केलीस एवढंच विचारलं.

फोन ठेवला की मी गाडीकडं जायचो. शिरोलीच्या फाउंड्रीत मी एकतीस वर्षं होतो, कास्टिंग तपासायला. शेवटची दहा वर्षं ही गाडी तिथल्या आवारात उभी असायची. लोखंडाची बारीक धूळ उडते, रंगावर बसते आणि रुतते. धुऊन निघत नाही. बॉनेटवरून हात फिरवला की रवा पसरल्यासारखं लागायचं.

उद्यमनगरात रिजवानचं वॉशिंग सेंटर आहे. त्याला सांगितलं तर त्यानं साबणाच्या वडीएवढा निळा गोळा हातात ठेवला.

"ही क्ले हाय तात्या. पैलं शाम्पूचं पाणी मारायचं, मग ही नुसती फिरवायची. दाबायचं न्हाई."

"दाबल्याशिवाय निघंल व्हय?"

"तुमची फाउंड्री न्हवं ही. रुतलेलं सगळं आपोआप हिला चिकटतंय. काळी झाली की घडी घालून नवी बाजू काढायची. आन् एक ध्यानात ठेवा. खाली पडली तर टाकून द्यायची."

"सगळी?"

"सगळी. उचलायची न्हाई."

सोमवारी बॉनेट केलं. पाणी मारायचं, हातभर जागा घ्यायची, सरळ रेषेत क्ले फिरवायची. आधी ती अडखळते, खरखर ऐकू येते. मग आवाज थांबतो आणि हात घसरायला लागतो. रिजवाननं सांगितलं होतं तसं हातात प्लास्टिकची पिशवी घालून तपासलं. पिशवीतून बारीक खडासुद्धा कळतो. सगळं गुळगुळीत होतं. तरी मंगळवारी पुन्हा बॉनेटच केलं. बुधवारी टप आणि उजवी बाजू. गुरुवारी डिकी, शुक्रवारी परत टप. डाव्या दाराकडं गेलो नाही.

शेजारचे हंबीरराव भिंतीवरून डोकावायचे. त्यांचा स्वभावच तसा.

"तात्या, गाडी लग्नाला उभी केलीय काय? हळद तेवढी राहिली बघा."

"भैरवीला द्यायची हाय."

"मग द्या की. तिला काय आरसा पायजे का गाडी? आन् जेवलाय का न्हाई?"

जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो.

शनिवारी डावं दारच राहिलं होतं. खालच्या कडेपासून सुरुवात केली. काचेजवळ आलो, आत मागं पडलेली सीट दिसली आणि हातातून क्ले सुटली. खाली अंगणातली खडी. मी उचलली. फाउंड्रीत खाली पडलेलं कुणी टाकत नाही. वाळू सांडली तर चाळतात आणि परत साच्यात घालतात. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप खाली गेला. झटकली, मळली, घडी घालून दारावर फिरवली. कर्र असा आवाज आला. मी थांबलो नाही. आणखी दोनदा फिरवली. पाणी ओघळल्यावर बघितलं तर दारभर ओरखडे.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आता गाडी उद्या जाणार नव्हती.

रिजवान येऊन बघून गेला. "तात्या, मी काय सांगितलं होतं? जाऊ द्या. पॉलिशचं मशीन मारतो, दोन तासांत निघंल."

"नको."

"आवो, फुकट करतो की."

"राहू दे म्हणतो ना."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग गेला.

मी भैरवीला फोन केला, "दार खराब झालंय. पुढच्या आठवड्यात ये."

"मी काय दारावर बसून शाळेला जाणार हाय का, पप्पा?"

रविवारी ती पहिल्या एसटीनं आली. चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली, ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "एवढंच व्हय? मला वाटलं दार गळून पडलंय." मग तिनं ते दार उघडलं आणि बसली. सीटचा खटका ओढून पाठ सरळ केली. म्हणाली, "केवढी मागं केलीय ही. चला, तुम्ही चालवा. एक चक्कर मारू, बंद पडून राहिलीय."

नाही म्हणता आलं नाही. आम्ही रंकाळ्याच्या बाजूला निघालो. ती मोबाइल बघत होती. थोड्या वेळानं मी म्हणालो, "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काय पण."

तिनं नव्या शाळेचं सांगितलं. वर्गात अकरा पोरं, हेडमास्तरांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मग ती गप्प झाली आणि खिडकीकडं तोंड केलं. मी रस्त्यातच ब्रेक मारला आणि तिचं मनगट धरलं. गरम होतं.

"पप्पा! काय झालं?"

मागून रिक्षावाला ओरडला, "ओ पावणं, रस्ता इकत घेतलाय काय?"

मी गाडी कडेला घेतली. भैरवी माझ्या हाताकडं बघत होती. मी अजून मनगट सोडलं नव्हतं.

"आई शेवटचं काय बोलली?"

"घरी जाऊन सोडा पिते म्हणाली."

"कुठं? दवाखान्यात?"

"न्हाई. गाडीत. बांबवड्यात."

तो रस्ता तिच्या पायाखालचा आहे; बांबवड्यापासून दवाखाना किती लांब, ते तिला ठाऊक होतं.

"आणि पुढं?"

"पुढं झोपली. पैजारवाडीपर्यंत हं हं करत होती."

"आणि मग?"

मी तिचं मनगट सोडलं. तिनं आणखी विचारलं नाही. दार उघडून ती माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका, मी चालवते." मी डावीकडं सरकलो.

तीन वाजता ती गाडी घेऊन मलकापूरला निघाली. निघताना म्हणाली, "पोचल्यावर फोन करते. तेव्हा बोला." साडेचारला तिचा फोन आला. मी विचारलं, रस्ता बरा होता का. ती म्हणाली, बरा होता. मग बराच वेळ तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

पैजारवाडीच्या पुढचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.