नळीवरच्या उभ्या रेघा

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले आणि मावशींना पहिला शोध लागला तो हा, की आपल्या घराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत. गेली दोन वर्षं त्या पिवळ्या पडल्यात म्हणून त्यांनी काकांच्या मागे रंगकामाचा धोशा लावला होता. आता मात्र त्यांनी तो विषय काढलाच नाही, आणि काकांनीही शहाण्यासारखा काढला नाही.

मावशी आणि काका हे नवराबायको. घराच्या मागच्या खोलीत दोघं हातानं पेनं बनवायची. काका लेथवर ठोकळे कातायचे, मावशी रंगाचं बघायच्या. पेनाचा ठोकळा काचेसारखा असला की त्याच्या पोटातली पितळी नळी बाहेरून दिसते, म्हणून ती आधी रंगवून मग आत चिकटवायची. पेनाला खरं रूप येतं ते आतल्या नळीमुळे, असं मावशींचं ठाम मत होतं. दिवसभर लेथवर घाम गाळणाऱ्या काकांना ते गेली तीस वर्षं मुकाट मान्य करावं लागत होतं.

चौथ्या दिवशी मावशींनी आपली वही उघडली. रंगवलेल्या प्रत्येक नळीच्या रंगाचा एक ठिपका त्या तिच्यात ठेवत. जुनी पानं पाहून डोळे निवले. मागच्या दोन वर्षांची पानं मात्र त्यांनी उजेडात नेऊन पुन्हा पाहिली. आभाळी म्हणून लावलेला निळा डोळ्यांत घुसत होता. नजरेला सगळं पिवळट दिसायचं, म्हणून हात आपोआप निळा वाढवत गेला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. असली भडक पेनं लोकांच्या खिशाला लागली होती!

त्यांनी काकांना जाब विचारला. काका काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी लेथ सुरू केला. लेथवर ठोकळासुद्धा लावलेला नव्हता.

मावशींनी मनाशी ठरवून टाकलं. एक तरी पेन आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि ते या ठिपक्यासारखं निघालं तर ब्रशला पुन्हा हात लावायचा नाही. पुढच्या चौकातल्या वाचनालयाच्या बाईंनी मागच्या वर्षी एक आभाळी पेन नेलं होतं. मावशी तडक तिथे गेल्या. बाईंनी कौतुकानं पेन काढून दिलं. मावशींनी ते खिडकीपाशी नेलं.

पेन अगदी आभाळी होतं, जुन्या पानांवरच्यासारखं. मावशींचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. वहीतला ठिपका भडक आणि पेन मात्र शांत, हे कसं? त्यांनी पेन डोळ्यांजवळ धरून हळूहळू फिरवलं. आत नळीवर ब्रशच्या बारीक रेघा होत्या, आणि त्या उभ्या होत्या. मावशी नळी विणकामाच्या सुईवर चढवून गरगर फिरवत आणि ब्रश जागच्या जागी धरत. त्यांच्या रेघा नेहमी गोल जायच्या. उभा ब्रश मारणारा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता, आणि त्याला त्यांनी पूर्वीच रंगाच्या टेबलापासून हाकलून दिलं होतं.

परत येताना त्यांना एकेक आठवत गेलं. गेली दोन वर्षं जेवण झालं की काका म्हणायचे, “जरा पड गं, दमलीस.” नवरा म्हातारपणी फार मायाळू झालाय, हे त्यांनी बहिणीला दहा वेळा तरी ऐकवलं होतं. मावशींना हसू आलं, रागही आला, आणि शेवटी भर रस्त्यात डोळे भरून आले. नव्या डोळ्यांना पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते तसंच राहिलं.

घरी येताच त्या मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

“माझ्या किती नळ्या पुसल्यात?”

काकांनी लेथ बंद केला. “सगळ्या नाही. काळ्या होत्या तशाच ठेवल्या.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“डोळे दाखव म्हटलं की तू अंगावर यायचीस. आणि रंग चुकतोय म्हटलं असतं, तर ब्रश कायमचा ठेवून दिला असतास.” काका हात पुसत राहिले. “तुझी जुनी पानं समोर ठेवून जुळवत होतो. रंग तुझाच आहे. हात तेवढा माझा.”

मावशींनी टेबलापाशी जाऊन ब्रश उचलला. मग त्यांनी सुईवर एक नळी चढवली, ती काकांच्या हातात दिली आणि ब्रश न हलवता नळी कशी फिरवायची ते पहिल्यापासून शिकवलं. काकांची नळी निम्मी बरी आली. ठिपका मात्र मावशींनी आपल्या हातानं वहीत ठेवला आणि जुन्या पानाशी ताडून पाहिला. जुळला.

जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही पडा जरा.”

“माझी नळी पुसणार वाटतं?”

“पुसणारच.”

काका निमूट आत जाऊन आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. दोन वर्षांची दुपारची झोप राहिली होती.