दंतवैद्याची बाजू

पोस्टातली वेनेता दाढ भरून घ्यायला आली आणि पर्स पोटाशी घट्ट धरूनच खुर्चीत आडवी झाली, तेव्हा लुबेन कारास्तोयानोवला त्यात काही विशेष वाटलं नाही. बावीस वर्षं तो त्या डोंगरातल्या गावाचा एकुलता एक दातांचा डॉक्टर होता. घाबरलेली माणसं त्याला नवी नव्हती. पण काम संपल्यावर वेनेतानं आधी पर्स उघडून चाव्या आहेत का ते बघितलं, मग दोन्ही कानांतले डूल चाचपले, आणि मगच चूळ भरली. जाताना ती भिंतीच्या कडेकडेनं गेली.

“हिला काय झालं?” त्यानं मिग्लेनाला विचारलं. मिग्लेना त्याची मदतनीस. एका हातानं हत्यार पुढं करायची आणि तोंडानं गावाची बातमी.

“डॉक्टर, तुम्हाला खरंच माहीत नाही? अहो, तुम्ही पुस्तकात आलाय!”

लुबेनला पहिल्या क्षणी आनंद झाला, हे कबूल करायलाच हवं. गावाच्या इतिहासाचं एक पुस्तक निघायचं होतं, आणि कुणी मागितला नसताना त्यानं स्वतःचा फोटो पाठवून दिला होता.

“कुठल्या पानावर?” त्यानं शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं.

“सगळ्याच.”

पुस्तक इतिहासाचं नव्हतं. सोफियातल्या कुणा बाईंची कादंबरी होती, नाव ‘कुठे ठेवलंस?’ वाचनालयात तिच्या चार प्रती होत्या आणि चारींसाठी रांग लागली होती. त्यात वार्ना शहरातला एक दातांचा डॉक्टर, दाम्यान नावाचा, बायकोच्या वस्तू रोज थोड्या थोड्या हलवायचा. आज चावी, उद्या गळ्यातला हार, परवा औषधाची बाटली. आणि वर मोठ्या मायेनं तिलाच विचारायचा, कुठे ठेवलंस गं? बिचारीला वाटायला लागतं की आपलंच डोकं फिरलंय. शेवटी ती नाहीशी होते. पण लेखिकेनं अशी मेख मारून ठेवली होती की वस्तू नवरा हलवत होता की त्याला अडकवायला बायकोच हलवत होती, हे शेवटचं पान उलटलं तरी कळत नाही. त्यावरून गावात दोन तट पडले होते. एका गोष्टीवर मात्र दोन्ही तटांचं एकमत होतं: वाचताना डोळ्यांपुढं आपला लुबेनच येतो.

“मूर्खपणा आहे,” लुबेन म्हणाला, आणि त्याच दुपारी दुकानातून एक प्रत घेऊन आला. सैन्यातल्या नोकरीच्या दिवसांनंतर त्यानं पूर्ण वाचलेली ही पहिली कादंबरी. चारचौघांत तो स्वतःला वाचनवेडा म्हणवायचा, ते जेवणानंतर वर्तमानपत्र वाचायचा त्या जोरावर.

जेवणाच्या सुट्टीत दार लावून तो पेशंटच्या खुर्चीत आडवा व्हायचा आणि डोक्यावरचा दिवा पुस्तकावर वळवायचा. तिसऱ्याच पानावर दाम्यानचं वर्णन होतं: उंच, देखणा, कानशिलांवर चांदी, आवाज मखमली. लुबेननं उठून दात बघायचा इवलासा आरसा घेतला. त्यात एका वेळी एकच कानशील दिसत होतं, पण चांदी होती. लोकांनी आपल्याला खलनायक समजावं याचा त्याला राग होता. देखणा समजावं याचा नव्हता. चाळिसाव्या पानापर्यंत त्यानं भूल देण्याच्या पद्धतीतल्या तीन चुका शोधल्या. दीडशेव्या पानापर्यंत त्याला दाम्यानची बाजू पटायला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकं घालून घरी आलेल्या माणसाला ओट्यावर हार आणि फ्रिजवर चाव्या पडलेल्या दिसल्या, तर तो त्या जागेवर ठेवणारच की!

मग तो पेशंटना विचारायला लागला. आपलं असंच, सहज म्हणून. पण त्यासाठी त्यानं निवडलेली वेळ चुकीची असायची. समोरच्याच्या तोंडात कापसाचे दोन बोळे आणि लाळ ओढणारी नळी असताना हा विचारायचा, “तुमचं काय मत? डॉक्टर दोषी की बायको?” लोक डोळे फिरवायचे. म्हातारा मधमाशीवाला स्तामात तेवढा अर्धा जबडा बधिर असतानाही गप्प बसला नाही.

“फायकोनंच केलं!” तो ओरडला. “शगळं फायकोनंच केलं! माझीफण अशीच होती!”

“स्तामातआजोबा, तुमची बायको तुम्हाला सोडून गेली त्याला चाळीस वर्षं झाली,” मिग्लेना म्हणाली. “आणि ती सोडून गेली ती तुमच्या माश्यांपायी. म्हणे फायको! मला विचाराल तर तो डॉक्टर पक्का हरामखोर आहे. गोड बोलणारे सगळे तसलेच.” एवढं बोलून तिनं लुबेनकडं बघितलं. “तुम्ही नाही हो. तुम्ही कुठं गोड बोलता?”

वेनेता म्हणे शेवटच्या प्रकरणात ढसाढसा रडली होती. पाद्र्याच्या बायकोनं पन्नासाव्या पानावर पुस्तक परत केलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा नाव नोंदवलं. शाळेतल्या कसरतीच्या मास्तरनं तर लुबेनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “डॉक्टर, हे खरंच जमतं का हो?”

या सगळ्यात एकाच वाचकाचं मत त्याला मिळत नव्हतं: त्याच्या बायकोचं. स्नेझिना शाळेत भूगोल शिकवायची. वाचनालयातून तिनं पुस्तक आणलं होतं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन ती ते वाचायची. मधूनच “हं” म्हणायची. ते “हं” कुठल्या ओळीला होतं हे बघायला लुबेन पाणी प्यायच्या निमित्तानं मागून जायचा. एका संध्याकाळी तो सात ग्लास पाणी प्यायला.

“साखर तपासून घे एकदा,” ती पान न उलटता म्हणाली.

त्याच्या जिवाला घोर लागला होता तो पान एकशे बाराचा. त्या पानावर दाम्यान बायकोचा हात हातात घेऊन म्हणतो, “आठव बरं. शांतपणे आठव, कुठे ठेवलंस ते.” ते वाचताना लुबेनला त्या थंड खुर्चीतही घाम फुटला होता. कारण ही वाक्यं त्याची होती. शब्द न् शब्द.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. शरद ऋतू होता, अंगणात मिरच्या भाजायचं काम चाललं होतं. स्नेझिनाचा कासवाच्या पाठीसारख्या रंगाचा चष्मा बाकावर पडलेला लुबेनला दिसला. वस्तू जागेवर असावी या त्याच्या खाक्याप्रमाणं त्यानं तो उचलला, झाडू आणेपर्यंत म्हणून गाडीच्या टपावर ठेवला, आणि विसरला. संध्याकाळी गाडी मागं घेतली तेव्हा चाकाखाली कर्रकन वाजलं. दोनच दिवसांपूर्वी, माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस, यावरून तिनं त्याला अर्धा तास ऐकवलं होतं. तसलं आणखी एक भाषण टाळायला त्यानं तुकडे रुमालात गुंडाळून पोस्टाच्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकले. मग आठवडाभर ती घर उपसत राहिली आणि हा तिच्या बरोबरीनं पलंगाखाली वाकून, मखमली आवाजात म्हणत राहिला, आठव बरं.

शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात कादंबरीवर चर्चा ठेवली होती. लुबेननं ठरवलं होतं की मागं बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हा उपदेश बावीस वर्षांत त्यानं कुणालाच केलेला नसल्यामुळं तो पाळायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हतं. सभागृह भरलं होतं. स्नेझिना तिसऱ्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसली होती. चीज भरलेल्या खुसखुशीत बानित्साची परात फिरत होती, चिजाचा वास सुटला होता.

आधी वेनेता बोलली, आवाज भरून आला म्हणून मध्येच बसली. स्तामातनं उठून पुन्हा “सगळं बायकोनंच केलं!” जाहीर केलं, या वेळी उच्चार स्पष्ट होते, त्यामुळं बायकांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. मग मिग्लेना म्हणाली, “असल्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे,” आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवता वाजवता अर्धं सभागृह मागं वळून लुबेनकडं बघत होतं.

तो उठला.

“मी फक्त तांत्रिक मुद्दा मांडतो,” तो म्हणाला. तो खरंच भूल देण्याच्या पद्धतीवर बोलणार होता. पण समोर एवढे चेहरे बघून त्याला वाटलं, आज एकदा त्या बिचाऱ्या दाम्यानच्या बाजूनं कुणीतरी बोललंच पाहिजे. “तुम्ही सगळे त्याला राक्षस म्हणता. अहो, माणूस वस्तू उचलतो ते घर नीट राहावं म्हणून! त्यात कधीतरी एखादी गोष्ट बिघडते. आता सांगायचं कसं? आज सांगू, उद्या सांगू करता करता आठवडा जातो. मग सांगायची सोयच राहत नाही. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? समजा, चष्मा चुकून गाडीखाली आला, तर माणसानं करायचं काय?”

ग्रंथपाल येवगेनियाबाई मोठ्या प्रामाणिक. त्यांनी पुस्तक उघडलं आणि पानं चाळायला लागल्या.

“चष्मा?” त्या म्हणाल्या. “डॉक्टर, चष्मा कुठल्या पानावर आहे हो? माझ्या प्रतीत नुसता हार आणि चाव्या आहेत.”

“माझ्यापण,” मागून कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या रांगेत स्नेझिनानं हातातला बानित्साचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळला, शेजारणीकडं दिला, कोट उचलला आणि ती बाहेर पडली. लुबेन उभाच होता. त्याच्या तोंडात जणू कुणी दोन बोळे कोंबले होते.

तो घरी पोचला तेव्हा ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. उजेड अजून पुरता गेला नव्हता.

“कुठं टाकलास?” तिनं विचारलं.

“पोस्टाच्या कोपऱ्यावर.”

“तिथल्या कचरापेटीत मी शोधायचा विचारसुद्धा केला नव्हता.” तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. “मी एकशे बारापर्यंत गेलेच नाही. मिग्लेना सांगत होती, तू सारखं ते पान उघडून बसतोस. मला कंटाळा आला. नव्वदाव्या पानावर ठेवून दिलं ते पुस्तक.”

म्हणजे आपण गप्प बसलो असतो तर हिला जन्मात कळलं नसतं! लुबेनच्या मनात आधी हेच आलं. आणि ते आलं याची लाज त्याला मागाहून वाटली. ही क्रमवारी पुढं तो स्वतःच लोकांना सांगायचा, कारण त्याच्या मते त्याच्या स्वभावाचं इतकं अचूक वर्णन दुसरं नव्हतं.

“गावाला वाटतं तू तो दाम्यान आहेस,” ती म्हणाली. “मला वाचताना एकदाही तू आठवला नाहीस. तो माणूस तीन वर्षं बेत आखून वागतो. तुला डावा मोजा कुठं आहे ते सांगता येत नाही. आणि हे बघ, त्याच्याकडून म्हणे चारशे पानांत कबुली निघत नाही. तू दोन मिनिटांत भरसभेत ओकून मोकळा झालास.”

त्याला हसू आलं. ती हसत नव्हती.

“आईचं कसं झालं होतं ते तुला माहीत आहे,” ती म्हणाली. “आधी चष्मा, मग गॅस, मग माझं नाव. त्या आठवड्यात मी रात्र रात्र जागी होते. शेवटी प्लेव्हेनला जाऊन मेंदूच्या डॉक्टरला दाखवून आले. तुला सांगितलं होतं शिक्षकांचं शिबिर आहे म्हणून.”

लुबेन खुर्चीवर बसला. ते शिबिर त्याला आठवत होतं. त्या दिवशी घरी एकटं असल्याचा फायदा घेऊन त्यानं तिचे सगळे कप्पे आवरले होते.

“मला माफ कर,” तो म्हणाला. पुढं तो नेहमी जोडायचा ते ‘पण’ तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं. ते गिळताना चांगलंच टोचलं. “तू घाबरलीस ते माझ्यामुळं. आणि मी भित्रा आहे.”

तिनं सुरी खाली ठेवली.

“काय विचारलं त्या डॉक्टरनं?” त्यानं हळूच विचारलं.

“थांब. तुझीच परीक्षा घेते.” तिनं फळीवरून कागद-पेन्सिल काढली. “यावर घड्याळाचं चित्र काढ. काटे दाखव, अकराला दहा कमी. हं. आता पाच शब्द सांगते, नीट ऐक. घोडा, पूल, लिंबू, काका, खिळा. शंभरातून सात-सात वजा करत खाली ये.”

तो त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत पासष्टापर्यंत आला. तिथं तिनं त्याला थांबवलं.

“आता शब्द सांग.”

“घोडा,” लुबेन म्हणाला. “लिंबू. खिळा.” आणि गाडी तिथंच अडली. त्यानं छताकडं बघितलं, बटाट्यांकडं बघितलं. “एक सांग ना, नुसतं पहिलं अक्षर.”

“मला तिथं पाचही आठवले होते,” स्नेझिना म्हणाली, आणि तिनं पुढचा बटाटा उचलला.