दुसऱ्या घंटेची दोरी

सभा चर्चमध्ये घ्यायची ही कल्पना आमच्या व्हिकरबाईंची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची. गावच्या हॉलचं छप्पर गळत होतं आणि गुरुवारी मतदान. "देवाच्या घरात माणसं जरा सांभाळून बोलतील," त्या म्हणाल्या. बिचाऱ्या नवीन होत्या. आमच्या वेक्सबी गावची माणसं देवासमोरच जास्त भांडतात, कारण एरवी ती एकत्र येतातच कुठे?

देशाने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावरून गावात आधीच शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. माझा थोरला भाऊ क्लिफर्ड बाहेर पडणाऱ्यांतला. कोबी-बटाट्याची शेती, दुखरा गुडघा, आणि चर्चच्या सहा घंटा वाजवणाऱ्या आम्हा सहाजणांचा तो म्होरक्या. मी तिसरी घंटा वाजवते. दुसरी युरातेची. युराते लिथुआनियाची, त्याच संघातल्या एका देशाची. शेतात कोबी कापायला आली आणि इथलीच झाली. तिला दोरी धरायला क्लिफर्डनेच शिकवलं, अगदी पोटच्या पोरीला शिकवावं तसं.

आमच्या घंटा वाजवण्याआधी झुलवत झुलवत उलट्या उभ्या कराव्या लागतात, तोंड आभाळाकडे. मग दोरीला जरासा हिसका बसला तरी घंटा गरकन पूर्ण फिरते. सहावी तर गाभण गाईएवढी जड. अशा घंटेची दोरी कोणी बेसावधपणे ओढली, तर माणूस दोरीबरोबर छताला जाऊन आपटतो. म्हणून वाजवून झालं की सगळ्या घंटा पुन्हा खाली उतरवायच्या आणि मगच घरी जायचं. घंटा उलटी ठेवून जाणं म्हणजे भरलेली बंदूक खुंटीला टांगून जाणं.

त्या संध्याकाळी लोकांना बोलवायला आम्ही घंटा वाजवल्या आणि तशाच उलट्या ठेवल्या. सभा संपल्यावर पुन्हा वाजवायच्या होत्या, लोकांनी भांडण विसरून हसत घरी जावं म्हणून. ही पण व्हिकरबाईंचीच कल्पना.

आधी शहरातून आलेला एक गृहस्थ राहण्याच्या बाजूने बोलला. त्याने इतके आकडे सांगितले की त्याच्या बाजूचेही जांभया द्यायला लागले. मग क्लिफर्डने माइक घेतला.

"माझा कोणावर राग नाही," तो म्हणाला. असं म्हणून सुरुवात करणाऱ्या माणसाची मला धडकीच भरते. "पण डॉक्टरकडे नंबर लागत नाही. शाळेत जागा नाही. गाव भरलंय, आता पुरे. आणि जे आलेत त्यांनीही जरा विचार करावा, आपलं खरं घर कुठे आहे ते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. युराते माझ्या शेजारीच बसली होती. ती उठली आणि "सॉरी, सॉरी" म्हणत लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत मागे गेली. आपल्याच पायावर दुसऱ्याने पाय दिला तरी माफी मागायची, हे मात्र ती आमच्याकडून पक्कं शिकली होती.

ती घरी गेली असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात घंटा वाजली.

आमच्याकडे घंटा वाजवायची खोली चर्चच्या मागच्या टोकाला, जमिनीवरच आहे. मध्ये फक्त एक जुना पडदा. एक घंटा वाजत राहिली. ठोके जवळ जवळ येत गेले, आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मग दुसरी सुरू झाली.

"बघा!" नॉर्मन हॅक ओरडला. याला कोणीही न विचारता बोलायची खोड आहे. "आपला आवाज बुडवायला घंटा बडवतेय! आता घंटाही यांच्याच!"

लोक हसले, मग चिडले. तिसरी घंटा सुरू झाली तेव्हा मी उभी राहून ओरडले, "अरे गाढवांनो, ती घंटा उतरवतेय!" पण माझ्या हातात माइक नव्हता. माइक क्लिफर्डच्या हातात होता, आणि घंटा उतरवतानाचा आवाज त्याला झोपेतही कळतो. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. तो बोलला नाही. माझा भाऊ आहे, मी त्याच्यावर जीव टाकते, पण त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

चौथी उतरली. पाचवी उतरली. मग शांतता झाली. आता राहिली होती सहावी. ती क्लिफर्डची. तिला युरातेने कधी हात लावला नव्हता, त्याने लावू दिला नव्हता. शेजारच्या गावात असल्याच घंटेने एका धडधाकट माणसाचं खांद्याचं हाड मोडलं होतं. युराते तर चिमणीएवढी.

सहावीचा पहिला ठोका पडला. दुसरा फार लवकर पडला.

माइक फरशीवर आपटला आणि किंचाळला. क्लिफर्ड पळाला. त्या गुडघ्याने त्याला असं पळताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी त्याच्या मागे.

पडद्याआड युराते चवड्यांवर उभी होती. प्रत्येक ठोक्याला दोरी तिला वर ओढत होती आणि दोरीचं खालचं टोक तिच्या पायाशी सापासारखं उडत होतं. अशा वेळी दोरी हिसकावून घेता येत नाही, दोघंही अडकतात. क्लिफर्ड तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माझ्याकडे बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "वर नको बघूस. जाऊ दे तिला... जाऊ दे... आता ओढ. थोडी दोरी हातात गोळा कर. परत जाऊ दे. शाब्बास, पोरी. घाई नको."

किती वेळ गेला कोण जाणे. मी भिंतीला टेकून उभी होते. शेवटी ठोके पुटपुटल्यासारखे झाले आणि ती गाईएवढी घंटा निमूट खाली आली. युरातेने दोरी सोडली. तिचे तळवे सोलवटले होते.

"वेड लागलंय का तुला?" क्लिफर्ड ओरडला. "मेली असतीस!"

"उद्या अँब्रोज मेला असता," ती म्हणाली.

तेव्हा आम्हाला आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये एक अंत्यविधी होता. अशा वेळी चर्चचा म्हातारा सेवेकरी अँब्रोज एकटाच येतो आणि सहावीची दोरी सरळ ओढतो. घंटा खालीच असणार हे तो गृहीत धरतो. त्यात जवळजवळ बहिरा.

"तुम्ही भांडून तणतणत घरी गेला असता," युराते म्हणाली. "घंटा कोणाच्या लक्षात राहिल्या असत्या? तूच शिकवलंस, जो निघून जातो त्याने घंटा उलट्या टाकून जायचं नाही. मी जातेय."

"अगं, मी तुझ्याबद्दल नव्हतो बोलत."

"मग कोणाबद्दल? नाव सांग."

पडद्यापलीकडे अख्खं गाव ऐकत बसलं होतं. क्लिफर्डने तोंड उघडलं. युराते थांबली, खरंच वाट बघत थांबली. त्याला एकही नाव सुचलं नाही. तिने घंटांच्या मनोऱ्याची चावी खिळ्याला अडकवली आणि ती गेली.

शुक्रवारी सकाळी निकाल लागला. देश संघातून बाहेर पडला. नॉर्मनने रस्त्यात झेंडा नाचवला. क्लिफर्डने मला गाडीत बसवलं आणि युरातेच्या घरी नेलं.

"मत मी बाहेर पडायलाच दिलं," तो दारातच तिला म्हणाला. "तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण उद्या माझ्या नातीचं लग्न आहे. दुसरी घंटा तुझी आहे. येशील?"

"चहा घेणार?" युरातेने विचारलं. आम्ही चहा घेतला. हवापाण्याचं बोललो. उत्तर तिने दिलं नाही.

"चहा दिला म्हणजे येईल, नाही का?" परत येताना तो दहादा तरी म्हणाला असेल.

"चहा काय, मी नॉर्मनलाही देते," मी म्हणाले, आणि लगेच मला वाईट वाटलं. तो घाबरला होता.

शनिवारी आम्ही पाचजण दोऱ्या धरून उभे राहिलो. क्लिफर्डचे डोळे दाराकडे. नवरीची गाडी आली, तरी दार उघडलं नाही. बघायला आलेल्या नॉर्मनच्या मुलीला घंटा वाजवणं थोडंफार येतं. ती म्हणाली, "मी ओढू का दुसरी?"

"त्या दोरीला हात लावू नकोस," क्लिफर्ड म्हणाला.

आम्ही तशाच वाजवल्या. पहिली, मग रिकामी जागा, मग मी. मी नेहमी युरातेच्या दोरीकडे बघून माझी दोरी ओढते, ती खाली आली की मी. त्या दिवशीही डोळे तिकडेच जात होते आणि दोरी हलत नव्हती. मला रडू आवरेना.

लग्न लागल्यावर अँब्रोज काळा झगा सावरत क्लिफर्डजवळ आला. बहिरी माणसं बोलतात तसा ओरडून म्हणाला, "क्लिफर्ड! आज एक घंटा कमी वाजली का रे? की माझे उरलेसुरले कानही गेले?"

क्लिफर्ड त्याच्या कानाशी वाकला. "तुझे कान ठीक आहेत," तो म्हणाला.

अँब्रोजला ऐकू आलं नाही. "काय?" त्याने विचारलं. क्लिफर्डला ते परत म्हणता आलं नाही.