त्या गाडीत मी चढणार नाही

मित्रांनो, मी कुत्रे पकडायची जाळी आहे. जुनी आहे, जागोजागी ठिगळं आहेत, आणि तुम्ही नाक मुरडण्याआधीच सांगते: मला माझी लाज वाटत नाही.

पाण्याकाठच्या एका घरात सासूसुनेने मला विणलं. गाठीला गाठ, गाठीला गाठ. सुनेचा हात सैल, सासूचा घट्ट. म्हणून माझी एक बाजू अजून मऊ आहे आणि दुसरी हट्टी. जन्म मासे धरण्यासाठी होता, पण नगरपालिकेने मला विकत घेतलं, लोखंडी कड्यात ओवलं आणि लांब दांडा बसवला. पाण्याचं स्वप्न तिथेच सुकलं.

माझा दांडा धरायचे मामा. कोणाचे मामा विचाराल, तर सगळ्या गावाचे. आम्ही गजांच्या गाडीतून फिरायचो. मामा मला फेकायचे, कुत्रं अडकायचं, गाडीत जायचं आणि परत यायचं नाही. खिडक्यांतून लोक "शाबास मामा!" म्हणायचे. पण गल्ली रिकामी झाली की पलीकडचे नवे कुत्रे येऊन उकिरड्यावर हक्क सांगायचे. पिसाळलेला एखादा निघायचाच, चावायचाच.

मग जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. बुटक्या, चालणं भरभर, खांद्याला लसीची थंड पेटी. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या भोकातून कुत्र्याच्या मांडीत सुई टोचली, टोचल्याची खूण म्हणून पाठीवर हिरव्या रंगाचा पट्टा ओढला आणि म्हणाल्या, "मामा, सोडा आता. जिथे धरला, तिथेच."

मामा बघतच राहिले. "बाई, धरलेलं सोडायचं? मग उद्या मासे धरून पाण्यात सोडू का?"

"मासे पिसाळायला लागले की तेही करू," बाई हसून म्हणाल्या.

त्या नुसत्या सुईवर थांबल्या नाहीत. माणसांच्या दवाखान्यात गेल्या, तिथल्या परिचारिकेला म्हणाल्या, "ताई, कुत्रं चावलेलं कोणी आलं की मला लगेच कळवा. चावलेला माणूस तुमचा, चावणारा कुत्रा माझा." दोन दवाखान्यांमध्ये इतकी वर्षं नुसती भिंत होती, बाईंनी तिच्यात दार काढलं. कुठल्या गल्लीत चावा झाला ते कळायचं, आणि आम्ही तिथे पोचायचो. हळूहळू कुत्रेही मला ओळखू लागले. सुईनंतर मामा बिस्कीट द्यायचे ना! शिंपीणकाकूंच्या दुकानासमोर झोपणारी चिंधी नावाची कुत्री तर मला बघून शेपटी हलवायची.

आणि मग ती वाईट दुपार आली. गावाबाहेरून पिसाळलेला कुत्रा आला आणि शिंपीणकाकूंच्याच लेकीला चावला. जखम लगेच धुतली, पोरीला सगळ्या लसी मिळाल्या, पोरगी वाचली. कुत्रा मेला. पण गाव पेटलं. नगराध्यक्षांनी हुकूम सोडला: उद्या सकाळी गजांची गाडी काढा, एकही कुत्रं ठेवू नका.

सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. नगराध्यक्ष जातीने हजर. मामांनी मला उचललं. तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी माझं कडं घट्ट धरलं.

"डॉक्टर, बाजूला व्हा," नगराध्यक्ष म्हणाले.

"नाही होणार, साहेब."

शिंपीणकाकू दुकानातून ओरडल्या, "अहो, तुम्हाला लेकरू असतं तर कळलं असतं!"

"काकू, मला लेकरू आहे," बाई म्हणाल्या. "याच गल्लीतून शाळेत जातं. म्हणूनच उभी आहे." मग त्यांनी कडं सोडलं. "मामा, चला पुढे. साहेब, फक्त बघा, कोण जवळ येतं आणि कोण पळतं."

मामा दोन पावलं पुढे गेले. मला बघताच चार-पाच कुत्रे पडक्या भिंतीवरून उड्या मारून पसार झाले. कोणाच्याही पाठीवर पट्टा नव्हता. आणि समोरून, शेपटी हलवत, हिरव्या पाठीची चिंधी थेट माझ्याखाली येऊन बसली. बिस्किटाची वाट बघत.



"तुमच्या गाडीत चिंधीसारख्या जातील, साहेब," बाईंचा आवाज चढला होता. "टोचलेल्या. माणसावर विश्वास ठेवणाऱ्या. रोगाला अडवून बसलेली ही आमची भिंत आहे. ही पाडलीत, की रिकाम्या गल्लीत कोण येईल? आत्ता पळाले ते."

"मग करायचं काय?" नगराध्यक्ष कुरकुरले.

"पळालेत त्यांना धरायचं, आणि टोचायचं. शहराचा नियमच तसा करा. दरवर्षी."

नगराध्यक्षांनी घसा खाकरला. "ठीक आहे. महिनाभर बघतो. मग ठरवू."

 शिंपीणकाकू दुकानातून खाली उतरल्या, चिंधीला पायाने हळूच ढकललं आणि म्हणाल्या, "हो बाजूला, मेले. त्यांना काम करू दे."

मग आम्ही भिंतीपलीकडे गेलो. काय धावलो, मित्रांनो! एका काळ्या बोक्यासारख्या कुत्र्याने मला दातांनी फाडलं, सुनेच्या गाठी सुटल्या. सासूच्या गाठींनी त्याला धरून ठेवलं. सुई गेली, पट्टा उठला, आणि तो शिव्या दिल्यासारखा भुंकत पळाला.

तो महिना अजून संपलेला नाही. हुकूम कागदावर तसाच आहे, गाडी आवारात तशीच उभी आहे. म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. कुत्रं चावलं तर घरी लपवू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली खूप वेळ धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. घरच्या कुत्र्याला दरवर्षी टोचून आणा. आणि कोणी मोठा माणूस "सगळे मारून टाका" म्हणाला, तर घाबरू नका, त्याला विचारा: "कोणते हो? टोचलेले, की पळालेले?"

मला फाडा, शिवा, पुन्हा फाडा. सुईसाठी मी हजार वेळा उघडेन. त्या गाडीसाठी एकदाही नाही.