रडणारी भिंत, रडणारा ग्लास

"सरका, सरका! आली बघा धार!"

भाच्याच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. दारं-खिडक्या बंद, मधोमध शेगडी, तिच्यावर भगव्या कफनीतल्या बाबांचा काढा रटरटतोय आणि समोरची भिंत थेंब थेंब गळतेय.

"माउली रडतेय!" बाबा डोळे मिटून म्हणाले. "नातीत जीव अडकलाय तिचा. जितकी माणसं जमतील, तितकी ती रडेल. हे अश्रू पोरीच्या छातीला चोळा. पोरीला खोलीबाहेर काढाल तर माझ्याशी गाठ आहे!"

माउली म्हणजे माझी वहिनी, गेल्या उन्हाळ्यात वारलेली. तिची नात कोपऱ्यातल्या खाटेवर खोकत, धापा टाकत होती. मला एका जागी उभं राहवेना. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण इथे ऐकतंय कोण?

"आत्या, तू गप्प बस," भाचा म्हणाला. "आई आहे ती."

गप्प बसले तर मी कसली आत्या! "कधीपासून रडते रे भिंत?"

"आई गेल्यावर पहिल्याच थंडीत."

"त्याआधी भिंतीला काय केलंस?"

"बाहेरून सिमेंटचा गिलावा. आईने हौसेने बांधलेली पेंढा-मातीची भिंत, पावसात झिजू नये म्हणून."

इथेच घोडं पेंड खात होतं! मी स्टीलच्या ग्लासात फ्रीजमधलं पाणी आणलं आणि शेगडीजवळ ठेवलं. बघता बघता ग्लासावर थेंब जमले, ओघळले.

"बाबा, हा ग्लास कोणाची आई?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा गुरकावले, "भस्म होशील!"

"होईन तेव्हा होईन. आधी भिंतीला हात लावा. ग्लासासारखीच गार आहे ना?"

मग सांगितलं. कोरडा पेंढा घराची ऊब धरून ठेवतो. भिंतीत थोडी ओल गेलीच, तर मातीच्या गिलाव्यातून ती बाहेर वाळून जाते. सिमेंटने ती वाट बुजली, पेंढा भिजला, भिंत गार पडली. गर्दीचे श्वास आणि काढ्याची वाफ तिच्यावर पाणी होऊन बसतात. माणसं जास्त, पाणी जास्त!

मी भिंतीत सुरी खुपसली. मूठभर पेंढा निघाला, ओला, बुरशीने काळा पडलेला. त्या वासाने पोर पुन्हा खोकली. बाबांनी काढा तिथेच टाकून कधी पोबारा केला, कळलंच नाही.

भाच्याने तो पेंढा हातात घेतला. "म्हणजे... आई नव्हती?"

मी खाटेकडे बोट दाखवलं. "नाही रे राजा. ती असती तर आधी पोरीला या खोलीतून उचलून नेलं असतं."

पेंढा फेकून तो पोरीला छातीशी धरून थेट डॉक्टरांकडे धावला.

सिमेंट आम्ही फोडलं, पेंढा बदलला, वरून मातीच लिंपली. पोर आता अंगणात हुंदडते. तुमची भिंत रडली, तर हात जोडण्याआधी हात लावून बघा. आणि घरात कोणी खोकत असेल, तर आधी त्याला बाहेर काढा. चमत्कार नंतरही तपासता येतो.