शेजारचा ब्रेक

गुरुजींनी गाडीचे दार उघडले, आसनावर नीट टेकून बसले, पट्टा ओढून खटकन लावला आणि सवयीने म्हणाले, "हं, आरसा बघा आणि निघा."

परीक्षक अजून बाहेरच उभा होता. तो हसत काचेशी वाकला.

"गुरुजी, आज चालवायचीये तुम्हाला. पलीकडे बसा."

गुरुजींनी समोर पाहिले. स्टिअरिंग पलीकडच्या बाजूला होते. मोटार शिकवण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य शेजारच्या आसनावर गेले, त्यांना परीक्षेच्या दिवशीही पायांनी तिथेच आणून बसवले होते. मैदानाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या काकूने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तोंडाला पदर लावला. ती हसते आहे हे गुरुजींना दुरूनही कळले आणि कानाच्या पाळ्या तापल्या असूनही त्यांना बरे वाटले. सहा महिन्यांत ती त्यांच्यावर हसली नव्हती, रागावलीही नव्हती.

शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. परीक्षकाने बसताक्षणी आपला बूट त्यावर अलगद टेकवला.

"राग मानू नका."

"राग कसला? ठेवायचाच असतो," गुरुजी म्हणाले.

चढावर गाडी तसूभरही मागे सरकली नाही, वळणावर चाक रेषेला शिवले नाही. शेवटी परीक्षकाने गाडी उभी करायला सांगितली आणि काहीशा संकोचाने नियमाचा प्रश्न विचारला.

"दारू पिऊन गाडी चालवली तर शिक्षा काय?"

"पहिल्या खेपेला दंड, सहा महिने परवाना बंद आणि पुन्हा परीक्षा. दुसऱ्या खेपेला तुरुंग." गुरुजींनी हँडब्रेक ओढला. "आणि आपल्याच गाडीत मागच्या सीटवर बसावं लागतं."

"हे पुस्तकात नाहीये, गुरुजी."

"नाहीये. पण आहे."

परीक्षक खळखळून हसला आणि त्याने कागदावर सही केली.

ती शिक्षा ज्या दुपारी ओढवली, ती दुपार तशी आनंदाचीच होती. एका जुन्या मित्राच्या निवृत्तीचे जेवण होते. आग्रह झाला, पेला भरला, पुन्हा भरला. निघताना काकू म्हणाली होती, "मी घेते गाडी." त्यावर गुरुजींनी चारचौघांत ऐकवले होते, "अख्ख्या गावाला मी शिकवली, मला तू नेणार?" मंडळी हसली आणि ती शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

काकूची एक जुनी खोड होती. गाडीत बसली, की चपला काढायची आणि घरच्या झोपाळ्यावर बसावे तशी सीटवर मांडी घालायची. त्या दिवशी मात्र पायांत नव्या सँडल होत्या, घोट्याशी बकल असलेल्या. बकल जाम घट्ट होते; कोण सोडणार, म्हणून पाय खालीच राहिले. बालवाडीच्या वळणावर एक बाई बाबागाडी ढकलीत रस्ता ओलांडत होती. गुरुजींना ती दिसलीच नाही. गाडी करकचून थांबली, तेव्हा ब्रेक त्यांनी दाबलेला नव्हता. बाबागाडी पुढच्या दिव्यापासून हातभर अंतरावर होती आणि आतले लेकरू शांत झोपलेले होते.

आवाज ऐकून नाक्यावरचा पोलीस आला. दारावर रंगवलेली अक्षरे त्याने मोठ्याने वाचली, "सुरक्षित शिका, सुखरूप पोहोचा." मग यंत्राची नळी पुढे केली. "फुंका, गुरुजी." त्याचीही शिकवणी गुरुजींकडेच झाली होती.

न्यायालयाने दिलेली शिक्षा त्यांनी मान खाली घालून घेतली. दुसऱ्या दिवशी काकूने हात पुढे केला. "चावी द्या." शिकवण्याचा परवाना तिच्याकडेही होता, आजवर ती कार्यालय तेवढे सांभाळत असे. त्या दिवसापासून ती शिकवू लागली आणि गुरुजी मागे बसू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तोंड घातले, तेव्हा शिकायला येणारी दंतवैद्यीण म्हणाली, "काकू, मागून आवाज येतोय, गॅरेजला दाखवा." त्यानंतर मागचा आवाज बंद झाला. ऐकता ऐकता गुरुजींना जाणवले, की ही कुणावर खेकसत नाही, आणि तरी माणसे लवकर शिकतात. मागच्या सीटचा त्यांना हळूहळू लळा लागला. पेल्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, आणि तसे कुणाला सांगितलेही नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना मागे बसून रोज दिसे. शिकणारा तयार झाला, याची खूण त्याच्या हातांत नसते, शिकवणाऱ्याच्या पायात असते. दंतवैद्यिणीच्या तिसऱ्या आठवड्यात काकूचा पाय ब्रेकवरून सुटला होता. आपल्या बाबतीत तो कधी सुटेल, हे विचारण्याची त्यांची छाती झाली नव्हती.

सही झाल्यावर परीक्षक उतरून गेला आणि काकू शेजारी येऊन बसली. तिच्या पायांत त्याच बकलाच्या सँडल होत्या.

"पास?" तिने विचारले.

"पास. पण पहिल्यांदा चुकीच्या बाजूला बसलो म्हणून हसला तो."

"मीही हसले. आता निघा, मागे रिक्षावाला शंख करतोय."

गाडी निघाली. तिचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी होता, हे त्यांनी न पाहताही ओळखले. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. तो तिथे असायलाच हवा होता. बाजार मागे पडला आणि बालवाडीचे वळण आले. शाळा सुटली होती. गुरुजींनी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबवली. एकामागोमाग एक लेकरे, आज्या, दप्तरे, पाण्याच्या बाटल्या पलीकडे गेल्या. शेवटी एक चिमुरडी मध्येच थांबली, तिने बुटाची नाडी बांधली आणि गाडीकडे बघून हात हलवला. गुरुजींनीही हात हलवला. तरीही त्यांनी गाडी हलवली नाही.

शेजारी काकू खाली वाकली. एक बकल सुटल्याचा आवाज आला. ते घट्ट होते, तिला दोनदा ओढावे लागले. मग दुसरे सुटले.

"उद्याची पहिली शिकवणी कोण घेणार?" रस्त्यावरची नजर न काढता गुरुजींनी विचारले.

"मीच. तुम्ही दुसरी घ्या," ती पाय वर घेत म्हणाली. "आणि खेकसायचं नाही."

"नाही खेकसणार."

गुरुजींनी आरशात पाहिले आणि गाडी सावकाश पुढे काढली.